वर्गणीच्या लिंकवर सभेची नोटीस उघडते: मराठी पानांची नावं आणि पत्ते कसे दुरुस्त करावेत

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. तालुक्याचं ठिकाण, शासनमान्य ‘अ’ वर्ग वाचनालय आणि वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर उभी केलेली मराठी साइट. गेली तीन वर्षं एप्रिल उजाडला की ग्रंथपाल मॅडमचा फोन ठरलेला: “अहो, वर्गणीची लिंक ग्रुपवर टाकली, तर सभासद म्हणतायत सभेची नोटीस उघडतेय.” मी बरोबर लिंक शोधून द्यायचो, त्या ती पुन्हा टाकायच्या, आणि विषय पुढच्या एप्रिलपर्यंत मिटायचा. यंदा मात्र दोन ज्येष्ठ सभासद चुकीची नोटीस वाचून सभेला म्हणून वाचनालयात येऊन बसले. उन्हातून रिक्षा करून आलेली माणसं ती. त्यानंतर मात्र लिंक बदलून देण्यावर भागवायचं नाही असं ठरवलं आणि मुळाशी गेलो.

मूळ सापडलं ते पानांना आम्ही दिलेल्या नावांत. मराठी साइट चालवणाऱ्या पतसंस्था, शाळा, मंडळं सगळीकडे नावं साधारण अशीच असतात, म्हणून हे तपशिलात लिहितोय.

तुमच्याकडे हाच बिघाड आहे का, हे आधी बघा

साइटच्या पानांची यादी उघडा, एकेका पानावर ‘क्विक एडिट’ करा आणि ‘स्लग’ नावाच्या रकान्यात काय आहे ते वाचा. स्लग म्हणजे पानाच्या पत्त्याचा शेवटचा तुकडा. तिथे शब्द मधेच तुटलेला दिसला, किंवा शेवटी डॅश देऊन २, ३, ४ असे इंग्रजी अंक आपोआप लागलेले दिसले, तर तुमचंही दुखणं हेच आहे.

आमच्याकडे तीन पानं होती. त्यांची नावं अशी:

सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा
सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक वर्गणी
सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक ग्रंथखरेदी

कागदावर छापायला नावं चांगली आहेत. पण त्यांचे पत्ते बघा:

सार्वजनिक-वाचनालयाची-वार
सार्वजनिक-वाचनालयाची-वा-२
सार्वजनिक-वाचनालयाची-वा-३

सभा, वर्गणी, ग्रंथखरेदी हे ज्या शब्दांनी कळणार, तेच शब्द नेमके गळून पडलेत. उरलंय ते तिन्हीकडे सारखंच. मॅडम व्हॉट्सअॅपवर जुना मेसेज शोधायच्या, तिथली लिंक पुढे पाठवायच्या. त्या लिंकमध्ये दोनशेच्या आसपास चिन्हांची रांग, आणि फरक फक्त शेवटच्या एका अंकाचा. तो कोणाच्या डोळ्याला दिसणार? त्यांची यात काहीही चूक नव्हती.

शब्द का तुटतो

हे गणित एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं.

वर्डप्रेसमध्ये स्लगला २०० चिन्हांची मर्यादा आहे. इंग्रजी नाव २०० चिन्हांत आरामात बसतं. देवनागरीचं तसं नाही. संगणक मजकूर साठवतो त्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अंक-अक्षरं अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका खुणेला ९ चिन्हं. साधा ‘क’ पत्त्यात जातो तो ‘%ई०%ए४%९५’ असा (ई आणि ए ही इथे रोमन अक्षरं समजा). ब्राउझर वर आपल्याला छान मराठी दाखवतो, पण लिंक कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की ही रांग बाहेर येते.

आणि खूण म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. काना वेगळा मोजला जातो, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातलं हलन्त चिन्हही वेगळं. ‘क्षेत्र’ लिहायला दोन अक्षरं, पण संगणकाच्या हिशेबात क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशा ७ खुणा, म्हणजे ६३ चिन्हं. २०० मध्ये अशा खुणा बसतात जेमतेम २२.

आता आमचं नाव मोजू. ‘सार्वजनिक’ ९ खुणा, ८१ चिन्हं. एक डॅश, झाले ८२. ‘वाचनालयाची’ १० खुणा, ९० चिन्हं, एकूण १७२. आणखी एक डॅश, १७३. मग ‘वार्षिक’मधले व, काना, र म्हणजे २७, आणि बरोबर २०० भरले. पुढचं हलन्त चिन्हसुद्धा आत येत नाही. दुसऱ्या पानाची वेळ आली तेव्हा हा पत्ता आधीच गेलेला, म्हणून मागे ‘-२’ लावायचं ठरलं, त्याला जागा करायला ‘र’ही कापला गेला आणि ‘वा-२’ उरलं. वर्डप्रेस आपल्या नियमाने चालतंय. पहिल्या २२ खुणांत आम्ही वेगळं काही सांगितलंच नव्हतं.

वर्षाचा आकडाही असाच महाग पडतो. पत्त्यात देवनागरी ‘२०२४’ ३६ चिन्हं खातो, इंग्रजी आकड्यांत तेच वर्ष ४ चिन्हांत होतं. पानाच्या शीर्षकात आकडे मराठीच ठेवा. पत्त्यात मात्र इंग्रजी आकडे घाला, माझं तरी हे मत पक्कं झालंय.

एका पानाला तीन नावं असतात

सगळा गोंधळ मिटवायचा तर ही तीन नावं मनात वेगळी ठेवावी लागतात. पानावर वर मोठ्या अक्षरांत दिसतं ते शीर्षक. ब्राउझरच्या टॅबवर आणि गूगलच्या निकालात दिसतं ते दुसरं. आणि पत्ता तिसरा. वर्डप्रेस पहिल्या नावावरून बाकीची दोन आपोआप तयार करतं, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात. पण पान एकदा प्रसिद्ध झालं की शीर्षक कितीही बदला, पत्ता जुनाच राहतो. गेल्या वर्षीचं पान उघडून त्यात यंदाचा मजकूर भरण्याची सवय अनेकांना असते. अशा पानावर वर २०२४ लिहिलेलं आणि पत्त्यात २०२३, हे हमखास दिसतं. शुद्धलेखनाचंही तेच. आमच्या एका पानाच्या पत्त्यात ‘माहीती’ असं दीर्घ ही अडकून बसलं होतं. शीर्षक दुरुस्त होऊन दोन वर्षं झाली तरी पत्त्यातली चूक तशीच होती.

नवी नावं ठरवताना

या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो सत्कारणी लागला. एका संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि लोक येऊन काय विचारतात ते वहीत उतरवून घेतलं. “मेंबर व्हायला काय लागतं?” “डिपॉझिट परत मिळतं का?” “अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी?” “पुस्तक उशिरा आणलं तर दंड किती?” “दिवाळी अंकांचे पैसे वेगळे का?”

आणि आमच्या साइटवर पानं होती ‘सभासदत्व विषयक नियमावली’, ‘देय शुल्क विवरण’, ‘उपलब्ध सुविधा’, ‘इतर माहिती’. टेबलाशी आलेल्या एकाही माणसाच्या तोंडून यातला एक शब्द आला नाही. ‘अभ्यासिका’ तर ‘उपलब्ध सुविधा’च्या पोटात चौथ्या परिच्छेदात होती. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं रोज फोन करून वेळ विचारत होती, कारण साइटवर ती सापडत नव्हती.

मग वहीवरून नावं बदलली. ‘सभासद कसे व्हावे: वर्गणी, अनामत, कागदपत्रे’. ‘अभ्यासिका: वेळ आणि प्रवेश’. ‘पुस्तक उशिरा परत केल्यास दंड’. ‘दिवाळी अंक योजना’. ‘अनामत’ हा वाचनालयाचा शब्द आणि ‘डिपॉझिट’ हा सभासदांचा. शीर्षकात अनामत ठेवलं आणि पानाच्या पहिल्याच ओळीत ‘अनामत म्हणजे डिपॉझिट’ असं लिहिलं, म्हणजे कोणताही शब्द घेऊन शोधणारा माणूस तिथे पोचतो. ‘इतर माहिती’ हे पान काढूनच टाकलं. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला स्वतःचं घर मिळालं. ‘माहिती’, ‘विषयक’, ‘संदर्भात’, ‘बाबत’ हे शब्द शीर्षकात दिसले की मी आता थांबतो आणि ते काढून वाचून बघतो. दहापैकी नऊ वेळा काही बिघडत नाही.

संस्थेचं नाव प्रत्येक शीर्षकाच्या सुरुवातीला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. नोटिशीच्या कागदावर ते शोभतं, कारण तो कागद एकटाच फिरतो. साइटवर त्याची गरज नसते. टॅबवर पानाच्या नावानंतर साइटचं नाव वर्डप्रेस स्वतःच जोडतं. आपणही लावलं तर ते दोनदा येतं, आणि टॅबवर जी पहिली चार-पाच अक्षरं दिसतात ती सगळ्या पानांची सारखी होतात. मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात तेव्हा पान उघडल्यावर सहसा पहिल्यांदा टॅबवरचं हेच नाव ऐकू येतं. प्रत्येक पानावर ‘सार्वजनिक वाचनालय’ आधी ऐकायचं आणि मग आपण कुठे आलोय ते कळायचं, हा त्रास आपण विनाकारण देतो. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या २००८च्या आवृत्तीत पानाला विषय सांगणारं शीर्षक असणं ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे.

गूगलचंही सांगतो. निकालात ते आपलं शीर्षक जसंच्या तसं दाखवेल याची खात्री नसते. ते मोघम वाटलं किंवा सगळ्या पानांवर तेच ते आलं, तर पानावरच्या मथळ्यातून वा मजकुरातून वेगळं नाव उचललं जातं. शीर्षक नेमकं असेल तर ही वेळ कमी येते.

पत्ता मराठीत की रोमनमध्ये?

शीर्षक मराठीच, यात वाद नाही. पत्त्याबद्दल मी बराच घोळलो. मराठी पत्ता ब्राउझरमध्ये वाचायला सुंदर दिसतो, आपल्या लिपीत असतो, आणि शोधयंत्रांना तो नीट कळतो. पण फोनवर सांगायचा, हस्तपत्रकावर छापायचा, क्यूआर कोडमध्ये घालायचा म्हटलं की अडचण होते. सभासद कार्डाच्या मागे आम्ही क्यूआर छापला होता. दोनशे चिन्हांचा पत्ता त्यात कोंबल्यामुळे चौकट इतकी दाट झाली, की साध्या फोनला ती वाचताच येईना. ‘वर्गणी’ एवढाच पत्ता ठेवला असता तर ५४ चिन्हं झाली असती. रोमनमध्ये सातच.

म्हणून जे पान छापलं किंवा बोलून सांगितलं जाणार, त्याचा पत्ता रोमन आणि एका-दोन शब्दांचा ठेवला. बाकी पानांचे मराठी, पण दोन-तीन शब्दांत संपणारे. रोमन लिहिताना स्पेलिंग एकदाच ठरवून वहीत लिहून ठेवा. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘ळ’साठी काय, दीर्घ आ दोन ए-नी की एका. नाहीतर ‘वर्गणी’ एकीकडे व्हीने आणि ‘वाचनालय’ दुसरीकडे डब्ल्यूने सुरू होतं आणि कोणालाच आठवत नाही. शब्दांमध्ये डॅश द्या, अंडरस्कोर नको.

वर्ष घालायचं का, याला दोन उत्तरं आहेत. वार्षिक सभेच्या नोटिशीला वर्ष हवंच, कारण ती नोंद म्हणून राहते आणि दर वर्षी नवं पान होतं. दिवाळी अंक योजनेला वर्ष नको. ते पान कायम एकच, मजकूर दर वर्षी ताजा. ‘नवीन’, ‘सध्याचे’, ‘ताजे’ हे शब्द पत्त्यात कधीच घालू नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच, टिकाऊ पत्ते कसे असावेत हे सांगताना, असे स्थितिदर्शक शब्द टाळायला सांगितलं होतं.

पत्ता बदलताना जुन्या लिंक तुटू देऊ नका

इथे घाई केली तर आधीपेक्षा मोठा गोंधळ होतो. वर्डप्रेसमध्ये ‘पोस्ट’चा, म्हणजे तारखेनुसार येणाऱ्या नोंदीचा, स्लग बदलला तर जुना पत्ता लक्षात ठेवला जातो आणि वाचक आपोआप नव्यावर जातो. ‘पेज’साठी, म्हणजे कायमच्या पानासाठी, ही सोय नाही. संस्थांच्या साइटवर बहुतेक सगळी पानं ‘पेज’ असतात, म्हणून ही सोय आहे असं गृहीत धरू नका.

आधी एक तक्ता करा: जुनं शीर्षक, जुना पत्ता, नवं शीर्षक, नवा पत्ता. जुना पत्ता ब्राउझरमधून कॉपी करून चिकटवा, हाताने टाइप करू नका (कारण पुढे येतंय). मग स्लग बदला आणि जुन्यावरून नव्यावर ३०१ प्रकारचं, म्हणजे कायमचं, वळण लावा. मी ‘रिडायरेक्शन’ हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, वापरलं. मराठी विकिपीडियावर लेखाचं नाव बदललं की जुन्या नावावर ‘पुनर्निर्देशन’ राहतं, तसंच हे. वळण किमान वर्षभर ठेवा, शक्य असेल तर काढूच नका. रिकामा झालेला जुना पत्ता दुसऱ्या पानाला कधीही देऊ नका. आमचा मूळ बिघाडच एकाच्या पत्त्यावर दुसरं उघडण्याचा होता.

मेन्यूत पान ‘पेज’ म्हणून जोडलेलं असेल तर तिथला पत्ता आपोआप बदलतो. ‘कस्टम लिंक’ म्हणून हाताने चिकटवलेला असेल तर बदलत नाही, तो स्वतः बदलावा लागतो. मजकुरात दिलेल्या लिंकचंही तसंच.

तरीही ‘-२’ लागतोय किंवा पान सापडत नाही

छोटं नाव देऊनही मागे अंक लागत असेल तर मीडिया लायब्ररी, म्हणजे साइटवर चढवलेल्या चित्रांची नि फाइलींची यादी, तपासा. ‘वर्गणी’ नावाचं एखादं चित्र किंवा पीडीएफ आधी चढवलेलं असेल, तर ते नाव त्या फाइलने घेतलेलं असू शकतं.

दुसरी अडचण चकवणारी आहे. पत्ता दिसायला अक्षरशः तोच, तरी पान सापडत नाही. कारण मराठीतली काही अक्षरं दोन रीतींनी टाइप होतात. ‘अॅप’मधलं पहिलं अक्षर काही कीबोर्ड अ आणि चंद्र अशा दोन खुणांनी लिहितात, काही एकाच खुणेने. ही एकच खूण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींतल्या खुणांच्या जागतिक यादीत, २००८ साली आली, त्यामुळे जुन्या मजकुरात दोन खुणांचं रूप भरपूर सापडतं. संगणकाला ही दोन वेगळी नावं वाटतात. ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्य त्याहून त्रासाचा. तो नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ-ने लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारी एक जोडखूण घालूनही. दिसतं सारखंच.

ती न दिसणारी खूण पकडायची एक युक्ती आहे. पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि टक्क्यांची रांग बघा. देवनागरीची प्रत्येक खूण ‘%ई०’ने सुरू होते. मधेच कुठे ‘%ई२’ दिसलं, तर तिथे देवनागरीबाहेरचं काहीतरी शिरलंय. स्लगमधून तो शब्द पूर्ण पुसून नव्याने टाइप करा, आणि शक्य असेल तर पत्त्यात ॲ नि ऱ्य असलेले शब्द टाळाच. ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुसरी-फेरी’ असं काही बसतं का बघा.

पीडीएफ विसरू नका

पानं नीट झाली तरी टॅबवर किंवा शोधात ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड - डॉक्युमेंट१’ असं काही दिसत असेल, तर ते पीडीएफच्या आतलं शीर्षक आहे. वर्डमध्ये फाइलच्या गुणधर्मांत ‘टायटल’चा रकाना भरून मग पीडीएफ काढली की ते सुधारतं. फाइलचं नाव ‘स्कॅन०००७’, ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’ असं असेल तर चढवण्याआधीच बदला. चढवल्यावर वर्डप्रेसमधून ते सहज बदलता येत नाही. आमच्या सभेच्या इतिवृत्तांच्या अकरा फाइली मला काढून, नाव बदलून पुन्हा चढवाव्या लागल्या आणि प्रत्येकीला वळण द्यावं लागलं.

सगळं झाल्यावर तक्त्यातली प्रत्येक जुनी लिंक माझ्या नाही, तर मॅडमच्या फोनवरून, त्यांच्याच जुन्या व्हॉट्सअॅप मेसेजमधून दाबून पाहिली. माझ्या ब्राउझरमध्ये जुनं काही साठून राहिलेलं असू शकतं, म्हणून. सव्वीसपैकी चोवीस बरोबर उघडल्या. उरलेल्या दोन मेसेजमध्ये लिंक मधेच तुटून दुसऱ्या ओळीवर गेली होती, त्यांना वळण लावून उपयोग नव्हता. ते दोन मेसेज मॅडमनी ग्रुपवर नव्या लिंकसह पुन्हा टाकले.